शून्य दचकांक

सह्यकवच विमा कंपनीच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेत त्या सकाळी दोन माणसं एकाच आलेखाकडे बघत होती आणि दोघांनाही तो आलेख आवडत नव्हता. खरं तर त्यात न आवडण्यासारखं काही नव्हतं. एक सरळ रेघ होती, तळाला चिकटून गेलेली. विमा कंपनीत अशी रेघ दिसली की एरवी लोक पेढे मागवतात.

"कोल्हापूरची पंचधारा फौंड्री," डॉ. नचिकेत ओक म्हणाला. तो मेंदूशास्त्रज्ञ. माणूस घाबरतो तेव्हा त्याचं शरीर नेमकं काय करतं, यात त्याची निम्मी हयात गेली होती. "सतरा माणसं. दिवसभर वितळलेल्या लोखंडाशी काम. दोन वर्षांत एकही इजा नाही. आणि दचकांक शून्य पूर्णांक चार."

"मग चांगलंच आहे की," हेमांगी दुधाळ म्हणाली, पण तिच्या आवाजात जोर नव्हता. ती कंपनीची विमागणिती आणि निरीक्षकांची प्रमुख. कारखान्यांचे दर ज्या सूत्राने ठरत, ते सूत्र सात वर्षांपूर्वी या दोघांनी याच खोलीत मांडलं होतं.

"शेजारच्या वाचनालयाचा दचकांक किती आहे, ठाऊक आहे? दोन. तिथं कुणाची पाण्याची बाटली पडली तरी चार माणसं दचकतात. आता मला सांग, उकळत्या लोखंडाशेजारी उभी असलेली माणसं वाचनालयातल्या माणसांपेक्षा पाचपट निवांत कशी?"

हेमांगीने खुर्ची ओढली. "मानेमागच्या पट्ट्या काढून खुंटीला टांगत असतील."

"पाहिलं. प्रत्येक पट्टीखाली नाडी चालू आहे. सतरा माणसं, सतरा पट्ट्या."

"गुंगीच्या गोळ्या?"

"रक्ताचे अहवाल स्वच्छ आहेत. मला वाटतं, चूक त्यांच्याकडे नाही, आपल्याकडे असावी. तू सूत्र पहिल्यापासून सांग बघू. कुठं अडखळतेस ते मी ऐकतो."

ही त्यांची जुनी सवय होती. हेमांगीने बोटं मोडली आणि सुरुवात केली. "पूर्वी कामगारांच्या इजा-विम्याचा हप्ता तीन गोष्टींवर ठरायचा. एकूण पगार किती, धंदा किती धोक्याचा आणि त्या कारखान्यात आधी किती अपघात झाले. पहिल्या दोन गोष्टी ठीक. तिसरीत घोळ होता. लहान कारखान्यात मोठा अपघात दहा वर्षांतून एखादा. तो झाला नाही म्हणजे मालक दक्ष आहे की नुसता नशीबवान, ते कळायचं नाही. शिवाय हप्ता वाढू नये म्हणून लोक बोट तुटलं तरी दडवायचे."

"म्हणून?"

"म्हणून आपण झालेले अपघात मोजणं सोडलं आणि हुकलेले अपघात मोजू लागलो. एका अपघातामागे शेकडो हुकलेले असतात. ते कुणी सांगत नाही, पण शरीर सांगतं. इजा होणार असं वाटलं की मानेचे स्नायू डोळ्याची पापणी लवायच्या आत आवळतात. मनाला नंतर कळतं. मानेमागच्या पट्टीने ते टिपायचं. हजार तासांच्या कामात माणसं किती वेळा दचकली, तो दचकांक. सहाशे कारखान्यांत तीन वर्षं ताडून पाहिलं. जिथं दचका जास्त, तिथं पुढे इजा जास्त. मग हप्ता दचकांकाला बांधला."

"कुठंच अडखळली नाहीस," नचिकेत जरा हिरमुसून म्हणाला. "आता हे बघ. पंचधाराचा जो काही दचकांक आहे, तो जवळजवळ सगळा एकाच माणसाचा आहे. दस्तगीर मुजावर, वय चौपन्न. मालक मगदूम यांनी त्याला आजपासून कमी केलंय. म्हणजे कारखाना शून्य श्रेणीत, सगळ्यात कमी हप्त्याच्या, जाणार. दुपारी चार वाजता दरयंत्र नवा दर लावेल, तीन वर्षांसाठी. त्याआधी नियमाप्रमाणे आपल्या निरीक्षकाने प्रत्यक्ष पाहणी करायला हवी."

"मी जाते," हेमांगी उठली. आपण गेलो की खोट सापडते, असा तिचा स्वतःवर विश्वास होता आणि तो उगाच नव्हता. कंपनीत तिच्याइतक्या थंड डोक्याने भट्टीपाशी उभं राहणारं दुसरं कुणी नव्हतं.

वेगमार्गाने कोल्हापूरला पोहोचायला तिला अडीच तास लागले. पंचधारा फौंड्रीच्या दारात बाहुबली मगदूम स्वतः उभे होते. साठीचे, पांढऱ्या शर्टातले गृहस्थ. नमस्काराला हात जोडले तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं नसल्याचं दिसलं.

"आधी चहा घ्या की, मॅडम. एवढ्या लांबून आलाय."

"आधी शेड बघते," ती म्हणाली. दारातच तिने आपली पट्टी मानेमागे चिकटवली. आत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला ती सक्तीची होती, निरीक्षकालासुद्धा.

शेड नीटनेटकं होतं. भट्टी घुमत होती, डोक्यावरून क्रेन सरकत होती, साचे ओळीने मांडलेले होते. भिंतीवरच्या फलकावर हिरवा आकडा होता: आजचा दचकांक शून्य. माणसं वळून न बघता कामात होती. एकाच्या मागे लोखंडी सळ्यांचा ढीग धाडकन कोसळला, तेव्हा त्याने सावकाश मान फिरवली आणि पुन्हा हातातलं काम धरलं. हेमांगीला ते दृश्य आवडलं. गडबड, आरडाओरडा काही नाही. अशा शांत जागी तिला नेहमीच बरं वाटे.

"हे कसं जमवलंत?" तिने विचारलं. "खरं सांगा. मी शोधून काढणारच आहे."

मगदूम हसले. "लपवायचं काय त्यात? माणसं निवडून घेतो. मुलाखतीला माणूस बसला की मागून स्टीलचं ताट टाकायचं. जेवणाचं, साधं. जो वळला, त्याला चहा पाजून घरी पाठवायचा. जो वळला नाही, तो आपला. आता सगळ्या वसाहतीत ताट पडतंय, मॅडम. आम्ही फक्त आधी सुरू केलं."

"आणि जुनी माणसं?"

"ती पट्टीनेच सांगितली. ज्याचा आकडा जास्त, त्याच्यापायी हप्ता जास्त. हळूहळू गेली. शून्य श्रेणी नसेल तर गाड्यांच्या कंपन्या दारात उभं करत नाहीत. मी तरी काय करू?" त्यांनी उजवा हात पुढे केला. "ही बोटं वडिलांच्या कारखान्यात गेली. तेव्हा शेडात नुसता कालवा असायचा. कोण ओरडतंय, कोण पळतंय. आता बघा. माझ्या शेडात कुणी घाबरत नाही, याचा मला अभिमान आहे."

माणूस खोटं बोलत नव्हता. कायद्यातही ताट टाकायला बंदी नव्हती. हेमांगीने टिपण केलं आणि विचारलं, "दस्तगीर मुजावर कुठे आहेत?"

मगदुमांचा चेहरा जरा ओशाळला. "बाहेर बाकावर. सकाळीच पट्टी काढून घेतली. वाईट वाटतं हो. तीस वर्षांचा माणूस आहे. पण सोळा माणसं शून्यावर आणि हा एकटा चढा. दोनला ओतकाम आहे, ते बघून घ्या, मग त्याचे कागद करतो."

दस्तगीर शेडाच्या दाराबाहेर डबा मांडीवर घेऊन बसला होता. डबा उघडलेला नव्हता. किडकिडीत माणूस, कानावर पांढरे केस. हेमांगी मागून आली आणि "मुजावर ना?" म्हणाली, तसा तो बाकावरून टुणकन उठला. डबा खाली पडला, आणि डब्याच्या आवाजाने तो पुन्हा दचकला.

"बगा," तो कसनुसं हसला. "हे असं हाय माझं. नात फुगा फोडती आन् मी उठून हुबा ऱ्हातो. हितं समदी दचकोबा म्हणत्यात मला. तुमचा तरी काय दोष? आकडा चढतोय तर काढणारच."

"दुसरीकडे बघताय काम?"

"कुठं बगू? समदीकडं ताट पडतंय. म्या बसायच्या आदीच वळून बगीन." तो डब्यावरची माती झटकू लागला. "तीस वर्सं लॅडलपाशी हुबा हाय मी. दुसरं काय येत न्हाई मला."

लॅडल म्हणजे वितळलेलं लोखंड भट्टीतून साच्यापर्यंत नेणारी माणूसभर उंचीची बादली. क्रेनला टांगलेली, आतून मातीचं अस्तर लावलेली. हेमांगीने फोनवर दस्तगीरची नोंद उघडली. दोन वर्षांत त्रेचाळीस दचका. तिने प्रत्येकीची वेळ भट्टीच्या नोंदीशेजारी ठेवली, आणि तिचं बोट थांबलं. दस्तगीर दचकला की दोन-तीन मिनिटांत काम थांबलं होतं. एकदा नव्हे, एकतीस वेळा.

"बारा मार्चला काय झालं होतं? सकाळी अकराला?"

त्याने डोळे मिटून आठवलं. "क्रेनचा हुक. जरासा घसरला. कुणाला दिसला न्हाई. मी वरडलो, मंग उतरवली लॅडल."

"तीन जून?"

"साच्यातनं वाफ आली. सुई टोचल्यावानी आवाज आला बगा."

"ऑगस्टची वीस?"

"त्यो साखळीचा. कडी उघडली हुती. मगदूम सायेब रागावलं, ओतकाम अर्ध्यात ऱ्हायलं म्हणून. मागनं कडी बगितली, मंग गप झालं."

हेमांगी खाली बसली. तिच्या डोक्यात सूत्र उलटं फिरू लागलं. त्रेचाळीस दचका म्हणजे त्रेचाळीस संकटं, हे बरोबरच होतं. पण ती संकटं हुकली कशी, हे सूत्राने कधी विचारलंच नव्हतं. हा माणूस दचकत होता म्हणून ती हुकत होती. बाकी सोळा जण त्याच संकटांसमोर उभे होते आणि त्यांची मान हलत नव्हती. सात वर्षांपूर्वी ताडून पाहिलेले सहाशे कारखाने साध्या माणसांचे होते. धोका वाढला की दचका वाढत. मग हप्ता दचकांना बांधला आणि कारखान्यांनी धोका कमी करण्याऐवजी दचकणारी माणसंच कमी केली. ते स्वस्त होतं, झटपट होतं, आणि आकडा तितकाच खाली येत होता.

म्हणजे पंचधारा फौंड्रीत उरलेली एकमेव सुरक्षा आज सकाळपासून बाकावर बसली होती.

"मॅडम," दस्तगीर हळू आवाजात म्हणाला. त्याने मान शेडाकडे वळवली होती. "लॅडलचं अस्तर काल सांजच्याला लावलंय नवं. वाळवायला एक रात पुरत न्हाई त्येला. आज त्येच घेत्यात काय?"

दोन वाजून चार मिनिटं झाली होती.

ती धावत आत गेली. भट्टी कलली होती आणि लोखंडाची पिवळीधमक धार लॅडलमध्ये पडू लागली होती. सहा माणसं भोवती उभी होती, हातभर अंतरावर. मगदूम फलकाखाली उभे होते.

"थांबवा!" हेमांगी म्हणाली. "अस्तर ओलं आहे."

"मीटरने बघितलंय, मॅडम. वरून कोरडं आहे."

"आतून नसेल तर? आत ओल राहिली तर तिची वाफ होते, हजारपटीहून जास्त फुगते, आणि वर उकळतं लोखंड आहे. ते कुठं जाईल?"

"हे बघा," मगदुमांनी समजुतीच्या सुरात फलकाकडे बोट दाखवलं. "शून्य. सहा माणसं त्याच्या उशाला उभी आहेत, हजारो टन लोखंड ओतलंय त्यांनी. कुणालाच काही वाटत नाही. तुमच्याच पट्ट्या आहेत ना? आणि तुम्ही स्वतः तरी घाबरलाय का?"

हेमांगीने थबकून स्वतःकडे पाहिलं. छाती शांत होती. पाय स्थिर होते. तिने ऐकलं. भट्टीच्या घुमण्यात एक बारीक तडतड होती, फोडणीत मोहरी तडतडावी तशी. ती तिला स्पष्ट ऐकू येत होती. तिचा अर्थ काय, तेही ठाऊक होतं. तरी ती उभी राहिली आणि विचार करू लागली, हे कसं पटवून द्यावं.

"मागं! ए, मागं सरा! मागं!"

दस्तगीर दारातून ओरडत आला. त्याला आत यायला बंदी होती. त्याचे डोळे विस्फारले होते, खांदे कानाला भिडले होते, हात वेडेवाकडे हलत होते. सहा माणसांनी लॅडलकडे पाहिलंच नाही. दचकोबा ओरडला की मागे व्हायचं, एवढी एकच सवय त्यांच्या अंगात मुरलेली होती. ती मागे झाली, सावकाश, एक जण तर हसत हसत. भट्टीवाल्याने भट्टी सरळ केली. दस्तगीरने हेमांगीची बाही धरली आणि तिला असं खेचलं की ती वाळूच्या ढिगावर आदळली.

लॅडल फुटली नाही. नुसती एकदा गदगदली, आणि आतलं लोखंड खांबासारखं छताला जाऊन भिडलं. मग ते खाली आलं. पत्र्यावर, साच्यांवर, मघाशी सहा माणसं उभी होती त्या जमिनीवर, आणि हेमांगी जिथे विचार करत उभी होती तिथेही. शेडात काही क्षण पांढऱ्या उजेडाशिवाय काही दिसेना.

"कुणाला लागलं?" मगदूम ओरडले. एकेकाने हात वर केला. सगळे होते. कुणाला ओरखडासुद्धा नव्हता. माणसं फावडी घेऊन पुढे झाली आणि सांडलेलं लोखंड मातीने झाकू लागली, एखाद्याने दूध उतू गेल्यावर पुसून घ्यावं तशी.

भिंतीवरचा हिरवा आकडा जागचा हलला नव्हता.

दस्तगीर वाळूवर बसून थरथरत होता. पाण्याचा ग्लास त्याच्या दातांवर वाजत होता. "मॅडम," तो म्हणाला, "तुम्ही का हलला न्हाई?"

"वेळ नाही मिळाला."

"वेळ हुता की. मी तीनदा वरडलो."

हेमांगीच्या बाहीला चार भोकं पडली होती, कडा अजून धुमसत होत्या. तिने ती चिमटीत विझवली. मग बाहेर येऊन, बाकावर बसून, तिने अहवाल लिहिला. धोका तीव्र. शून्य श्रेणी देऊ नये. दस्तगीर मुजावर यांना कमी करू नये. घडलेल्या प्रकाराची चित्रफीत जोडली आणि अहवाल दरयंत्राकडे पाठवला. तीन वाजले होते.

उत्तर लगेच आलं. चित्रफितीबद्दल यंत्राचं म्हणणं असं की ओतकामात लोखंड उडणं अपेक्षित आहे. इजा शून्य, दचका शून्य, सबब घटना नोंदवण्याजोगी नाही. अहवालाबद्दल एकच ओळ होती: देहसाक्ष जुळत नाही.

तिने नचिकेतला फोन लावला. "देहसाक्ष माझी जुळत नाही म्हणतंय. काय बिघडलंय ते बघ."

देहसाक्षेचा नियम तीन वर्षांचा. निरीक्षक पैसे खाऊन खोटे अहवाल देत, म्हणून ठरलं होतं की निरीक्षकाने धोका आहे असं लिहिलं तर त्याच्या स्वतःच्या पट्टीतही तो दिसला पाहिजे. शरीराला लाच देता येत नाही, असं तेव्हा सभेत सगळ्यांनी टाळ्या वाजवून मान्य केलं होतं.

पलीकडे बराच वेळ कळफलकाचा आवाज येत राहिला. "बिघाड नाही," नचिकेत शेवटी म्हणाला. "दोन वाजून अकरा मिनिटांनी तिथं काहीतरी झालं ना? आवाजमापकात मोठा स्फोट दिसतोय. तुझी रेघ सपाट आहे, हेमांगी. एकदाही हललेली नाही."

"मी घाबरले होते."

"तू समजली होतीस. घाबरली नव्हतीस. आता मी बाकीच्या निरीक्षकांच्या पट्ट्या उघडल्यात. बाराच्या बारा सपाट. आपणही एक कंपनीच आहोत ना. आपली माणसं धोक्याच्या जागी जातात, त्यांचाही इजा-विमा कुणीतरी उतरवतं, आणि त्यांचा हप्ताही याच सूत्राने ठरतो. जे निरीक्षक दचकत होते ते हळूहळू टेबलाच्या कामावर गेले. जे नव्हते दचकत, त्यांना बढत्या मिळाल्या."

हेमांगीला आठवलं की या पाच वर्षांत तिने एकेचाळीस कारखान्यांना शून्य श्रेणी दिली होती. प्रत्येक अहवालात तिने मोठ्या समाधानाने लिहिलं होतं, वातावरण शांत आहे. त्या प्रत्येक शेडात ती अशीच उभी राहिली होती आणि तिला अशीच कसलीही भीती वाटली नव्हती. ती लाजेने अक्षरशः लाल झाली. लाज तिला व्यवस्थित वाटत होती.

"हाताने थांबव दर," ती म्हणाली.

"कायद्याने यंत्रात हात घालता येत नाही. समिती पुढच्या महिन्यात बसते."

"उद्या सकाळी इथे पुन्हा ओतकाम आहे, नचिकेत. चारला श्रेणी लागली की हा माणूस फाटकाबाहेर. उद्या कोण ओरडणार?"

तिने फोन ठेवला. साडेतीन झाले होते. आत मगदूम लोखंड कापून साफ करण्याच्या सूचना देत होते. त्यांचा आवाज नेहमीसारखा होता, पण ते सारखे बाकाकडे बघत होते. शेवटी बाहेर आले. "त्याला ठेवावं असं मलाही वाटतंय हो," ते खाली बघत म्हणाले. "पण ठेवला तर श्रेणी जाते, श्रेणी गेली तर काम जातं, मग सगळ्याच सतरा जणांना घरी पाठवायची पाळी. यंत्राला तुम्ही काही सांगू शकलात तर बघा. माझं ते ऐकत नाही."

हेमांगीने हात मानेमागे नेला. पट्टी सोलून काढली आणि दस्तगीरपुढे धरली.

"ही लावा."

"ही तुमची हाय."

"हो. माझ्या नावाची आहे. माणूस कोण ते तिला कळत नाही. हृदयाच्या ठोक्यांवरून माणूस ओळखायला तुमच्या कामगार संघटनांनीच विरोध केला होता. लावा आणि माझ्याबरोबर आत चला. जिथे जिथे तुमचं अंग सांगेल, तिथे नुसतं थांबा. मी लिहिते."

"हे खोटं न्हवं का?"

ती घोटाळली. आयुष्यात तिने एक आकडा इकडचा तिकडे केला नव्हता. "माझी पट्टी माझ्या मानेवर असते तेव्हा खोटं सांगते," ती म्हणाली. "चला, वेळ नाही."

मगदूम सगळं ऐकत होते. ते दारातून बाजूला झाले.

दोघांनी शेडाची एक फेरी मारली. दस्तगीर एखाद्या अनोळखी घरात शिरल्यासारखा चालत होता. क्रेनखाली त्याचे खांदे उडाले; हेमांगीने वर पाहिलं, तारेचे तीन पदर तुटले होते. वाळवणाच्या शेगडीपाशी तो थबकला; नळी चिरली होती. पाण्याच्या पिंपाजवळ, गरम साच्यांच्या कडेला, जिन्याच्या सैल पायरीवर. जिथे तिला काहीच जाणवत नव्हतं तिथे तिने प्रत्येक वेळी खाली वाकून शोधलं आणि प्रत्येक वेळी काहीतरी सापडलं. वीस मिनिटांत अकरा दचका. भिंतीवरचा आकडा हिरव्याचा लाल झाला, तेव्हा सोळा माणसांनी काम थांबवून त्याच्याकडे पाहिलं.

तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी तिने तोच अहवाल पुन्हा पाठवला. यंत्राने तो स्वीकारला. देहसाक्ष जुळली. पंचधाराची शून्य श्रेणी स्थगित, सोमवारी फेरपाहणी, तोपर्यंत कामगारांत बदल करू नये आणि ओतकाम बंद ठेवावं.

मगदुमांनी कपाळाचा घाम पुसला. "सोमवारपर्यंत तार बदलतो, शेगडी बदलतो," ते म्हणाले. "आणि दस्तगीर, तू काम सोडून जाऊ नको. उद्या ये." दस्तगीर तोंड झाकून बसला. रडतोय की हसतोय ते कळत नव्हतं.

हेमांगीला बऱ्याच वर्षांत असा आनंद झाला नव्हता. चार दिवस मिळाले होते. सोमवारी तीच येणार, हाच माणूस बरोबर घेणार, आणि मग उरलेले एकेचाळीस कारखाने.

फोन वाजला. यावेळी संदेश तिच्या स्वतःच्याच कंपनीचा होता, कंपनीचा विमा उतरवणाऱ्यांच्या नियमानुसार आलेला. ती तो वाचत असताना दस्तगीर जवळ आला. "काय म्हणत्यात?"

तिने वाचून दाखवलं. "श्रीमती दुधाळ, आज वीस मिनिटांत आपल्या अकरा दचका नोंदल्या गेल्या. आपला दचकांक क्षेत्रकामाच्या मर्यादेबाहेर गेला आहे. आपल्याला आजपासून कार्यालयीन कामावर घेण्यात येत आहे. पंचधारा फौंड्रीची सोमवारची फेरपाहणी आणि आपल्याकडचे एकेचाळीस कारखाने श्री. प्रसेनजित वाडेकर यांच्याकडे सोपवले आहेत. श्री. वाडेकर यांचा आजवरचा दचकांक शून्य."

दस्तगीर दचकला. मान आवळली, खांदे उडाले, हातातला डबा पुन्हा जमिनीवर पडला. पट्टी अजून त्याच्याच मानेवर होती, आणि तिने बारावी दचक हेमांगीच्या नावावर टिपली. हेमांगी त्याच्याकडे बघत उभी राहिली. आपणही आत्ता घाबरायला हवं, एवढं तिला कळत होतं. तिने थोडा वेळ वाट पाहिली, पण तिच्या अंगात काहीच हललं नाही.